कणकेच्या कडू गोळ्या

जवळ ये बघू. आणखी जवळ. कागदावरचं बोलणं म्हणून लांबूनच डोळे फिरवून मोकळी होऊ नकोस, मावशी बोलतेय तुझी. आणि तो मोबाईल आधी उपडा ठेव.

तुझ्या आईचा फोन आला होता. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी तुला तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, आणि तू रोज रात्री आईला "घेतली गं" म्हणून सांगत राहिलीस. परवा ऑफिसच्या जिन्यात घेरी येऊन बसलीस, मैत्रिणीनं पाणी काढायला पर्स उघडली, तर सगळी पाकिटं जशीच्या तशी! "गिळवतच नाहीत" म्हणालीस म्हणे. एवढी शिकलेली पोरगी तू, पुण्यात एकटी राहतेस, आणि बोटाच्या पेराएवढ्या गोळीला भितेस? वर आईशी खोटं?

झालं माझं रागावून. आता खरं सांगते, पण हे आईला कळता कामा नये. मीसुद्धा दीड वर्ष हेच केलं होतं. तुझ्यापेक्षा हुशारीनं केलं होतं, एवढंच. आणि मला ज्यांनी पकडलं, त्या माणसाबद्दल तुला सांगायचंय.

त्यांचं नाव घेत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. बारामतीत आम्ही ज्यांच्याकडे दोन खोल्या घेऊन राहायचो, ते घरमालक. कोऱ्हाळ्याची बागायत थोरल्या मुलावर सोपवून मी आणि तुझे काका धाकट्याबरोबर बारामतीला आलो होतो ना, तेव्हाची गोष्ट. आख्खी गल्ली त्यांना तात्या म्हणायची, मीही तात्याच म्हणते.

तात्यांचा जन्म साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेला. उसाचा रस काचेच्या नळीत धरायचा, उजेडाला बघायचा, किती गोडी ते लिहायचं. असं पस्तीसेक वर्षं केल्यावर माणसाचं काय होणार? निवृत्त झाले, पण नमुने घेणं काही सुटलं नाही. अंगानं उसाच्या चिपाडासारखे. टोपीच्या घडीत पेन्सिल आणि शर्टाच्या खिशात, जिथं लोक पेन ठेवतात तिथं, चमचा.

राहायला गेलो त्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे चहा पाठवला. कप घेऊन स्वतःच दारात आले.

"वैनी, आल्याचा नमुना चांगला हाय. पण दूध घाईत घातलंया."

मला असा राग आला! पण तुला सांगते, दूध खरंच घाईत घातलं होतं.

कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या होत्या त्यांच्या अंगणात, एक नायलॉनची, एक काथ्याची, एक तारेची. तिन्हींवर सारखे ओले रुमाल टाकून स्वतः उन्हात खुर्ची मांडून घड्याळ बघत बसायचे. एकदा एका लग्नात पहिल्या घाण्याची जिलेबी खाल्ली, शेवटच्या घाण्याची खाल्ली, आणि आचाऱ्याला कागदावर निकाल लिहून दिला. आचारी झारा घेऊन मांडवाच्या दारापर्यंत मागं आला होता. तात्या शांत. म्हणाले, "निकाल कुणालाच गोड लागत न्हाय."

"नमुना न्हाय तर निकाल न्हाय," हे त्यांचं नेहमीचं. आणि दुसरं एक होतं, "माणूस खोटं बोलतं, नमुना बोलत न्हाय." हे दुसरं माझ्याच अंगावर येईल असं मला कुठं माहीत होतं?

त्यांना कुंड्यांच्या मातीची ओल तपासायची सवय. रोज सकाळी चमच्यानं थोडी माती उकरायची, बोटात चुरगाळायची. एका सकाळी हाक आली.

"वैनी, जरा भायेर या."

गेले. तात्यांच्या तळहातावर चार गुलाबी गोळ्या. अर्धवट विरघळलेल्या, मातीनं माखलेल्या.

"तुळशीला बीपी हाय का?"

मी म्हटलं, "पडल्या असतील चुकून."

"चार? आन त्याबी मुळापाशी, वर माती लोटून?"

मी पदर तोंडाला लावला आणि तिथंच पायरीवर बसले.

आता माझ्या घशाचं सांगते. लहानपणी आम्ही मेंढरांमागं हिंडायचो, तुझ्या आईचा जन्मही नव्हता झाला. कऱ्हाटीच्या माळावर बोरं खाताना एक आठळी माझ्या घशात अडकली. आबांनी, तुझ्या आजोबांनी, पाय धरून मला उलटं टांगलं, पाठीत चार रट्टे घातले, तेव्हा ती आठळी बाहेर पडली. तेव्हापासून माझा घसा कुणावर विश्वास ठेवत नाही. घास चावलेला असला तर जातो. न चावता काही गिळायचं म्हटलं की दाराला कडी! दीड वर्ष मी गोळी जिभेखाली धरून हसत हसत तुळशीला पाणी घालायला जात होते. डॉक्टर बिचारे दर वेळी पट्टा गुंडाळायचे, आकडा बघायचे आणि गोळी वाढवून द्यायचे. वाढवली की ती आणखी मोठी यायची. मोठी आली की तुळशीला. पकडले गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात मंडईत मेथीच्या जुड्यांवर चक्कर येऊन पडले होते, ते मी घरात उन्हावर ढकललं होतं.

तात्या सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आज डॉक्टरकडं जायचं. खरं सांगायचं."

"यांना, पोराला सांगणार का तुम्ही?"

"निकालाआधी रिपोर्ट जात न्हाय."

डॉक्टरांपुढं मी सांगितलं, तात्या शेजारी बसून मान हलवत होते. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी दीड वर्ष तुळशीचा डोस वाढवत होतो तर!" हसले, पण लगेच गंभीर झाले. पुन्हा सुरुवातीची लहान गोळी लिहून दिली. म्हणाले, "काकू, मंडईत उठलात, पुढच्या वेळी उठाल असं नाही. अर्धांगवायू सांगून येत नाही. आठ दिवस देतो. तोवर मीठ बंद, एकटीनं बाहेर पडणं बंद. आठ दिवसांत गोळी पोटात जायला लागली नाही तर भरती करून घेईन, आणि मुलाला मी स्वतः सांगेन."

मेडिकलवालीनं वर आणखी बजावलं, की गोळी आपल्या मनानं कुटायची नाही, कशाबरोबर घ्यायची तेही विचारून घ्यायचं, काही गोळ्यांना दूध चालत नाही. तात्यांनी तिचं सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं. घरी येताना रिक्षात म्हणाले, "आठ दिवस. गाळप हंगामात एवढ्यात आमी शेकड्यानं नमुने काढायचो. एक घसा काय मोठा?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्या पडवीत प्रयोग सुरू. खऱ्या गोळीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. म्हणून त्यांनी कणकेच्या गोळ्या वळल्या होत्या. थेट माझ्या गोळीएवढ्या, कडक उन्हात वाळवलेल्या आणि कडुनिंबाच्या रसात बुडवलेल्या.

"कडू कशाला तात्या?"

"गोड दिल्यावर घसा लाडात येतो. खरं बोलत न्हाय."

परीक्षेला तिघं. मी, स्वतः तात्या आणि शेजारच्या शेवंतामावशी. मावशींचं वय सत्तरीच्या पुढं, तोंडात एक दात नाही, आणि जिभेला हाड नाही. मध्ये पाण्याचा तांब्या. ओळीनं एकेकानं गोळी घ्यायची, तांब्या वर धरून पाणी प्यायचं, आणि तीनपैकी एक शब्द सांगायचा, 'गेली', 'थांबली' नाहीतर 'अडकली'. कॅलेंडरच्या पाठीवर तात्या तेवढंच लिहीत.

पहिला नमुना तुपाचा. तुपात घोळलेली गोळी माझ्या जिभेवर अशी घसरली की पुढच्या बाजूनं बाहेर आली. मग साय. शेवंतामावशींनी साय खाल्ली, गोळी हातावर काढून ठेवली आणि म्हणाल्या, "नुसती सायच द्या की ओ. गोळीचा काय उपेग?" पिकल्या केळ्याच्या फोडीत गोळी खुपसून दिली, तर माझ्या दातांना सवय चावायची! कडुनिंब दिवसभर पुरला. भिजवलेल्या भेंडीचं बुळबुळीत पाणी झालं, सब्जा झाला, गुळाचा पाक झाला. तात्यांच्या नातवानं पुण्याहून एक लाल जेलची बाटली पाठवली, खास गोळ्या गिळण्यासाठीच करतात म्हणे, आणि एक घशात मारायचा फवारा. फवाऱ्यानं मला अशा शिंका आल्या की गोळी उडून तात्यांच्या टोपीवर. त्यांनी ती टोपीवरून उचलली, बघितली आणि लिहिलं, 'परत आली'. तीन शब्दांत हा चौथा वाढला.

मावशींची प्रत्येक गोळी 'गेली'. तुपाबरोबर गेली, पाण्याबरोबर गेली, नुसती दिली तरी गेली. तात्या वैतागले.

"मावशी, तुमच्या घशाचा उपयोग न्हाय. त्यो हमरस्ता हाय."

"आन तुमचा वो? तुमचा म्हंजी टोलनाका. लिवल्याबिगर सोडत न्हाय!"

चौथ्या दिवशी एकादशी आली. आम्ही दोघी उपाशी, पडवीत जाऊन बसलो. तात्यांनी गोळ्या मांडल्या तशा मावशी मागं सरल्या.

"कणीक न्हाय चालत आज."

"मावशी, गिळायची हाय, जेवायची न्हाय."

"पोटात जाती का न्हाय? मग मोडला की उपास!"

तात्यांनी वाद घातला नाही. उठले, आत गेले, राजगिऱ्याच्या पिठाच्या गोळ्या वळून आणल्या. त्या तोंडात जाताच भुगा! तिघांच्याही तोंडात कडुनिंबाचा शिरा. तात्यांनी लिहिलं, 'नमुना रद्द, कारण धर्म'. ते कॅलेंडर मी नंतर मागून घेतलंय, येशील तेव्हा दाखवते.

हसतेस ना? मीही हसत होते तेव्हा. पण पाचव्या दिवशी संध्याकाळी हसू आटलं. एकोणीस नमुने झाले होते आणि माझ्या रकान्यात सगळीकडे 'थांबली', 'अडकली'. गोळी मागं जायची, दारात पाहुण्यासारखी उभी राहायची, आणि मी ठसकून बाहेर काढायची. जेलनं थोडी आत सरकली, तीही परत. तात्यांनी पेन्सिल टोपीत खोचली. म्हणाले, "कुठंतरी चुकतोय वैनी. नमुना चुकत न्हाय. घेणारा चुकतो." त्या दिवशी चहाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

सहाव्या दिवशी धाकट्यानं मला गाडीवरून कऱ्हाटीला भावाकडं नेलं. त्याला वाटलं, आईला माहेरची आठवण येतेय. मला वाटलं, भरती व्हायच्या आधी एकदा भेटून घ्यावं.

भावानं अजून पाच-सात मेंढ्या ठेवल्यात, हौस म्हणून. एका कोकराला जंताचं औषध पाजायचं होतं. मी म्हटलं, धरते मी, हात विसरले नाहीत. कोकरू मांडीत घेतलं, हनुवटी धरली आणि मान वर उचलली.

भाऊ ओरडला, "ए आक्का! मान कशाला आभाळाला लावतीस? ठसका लागून मरंल की ते! आबानं शिकवलंय ते इसरलीस? सरळ धर, नाक जमिनीच्या बाजूनं!"

मी मान सरळ धरली. भावानं नळीनं औषध सोडलं. कोकरानं मुकाट गिळलं.

आणि मी तशीच बसून राहिले, कोकरू मांडीवर घेऊन. अगं, आमच्या पडवीत एकच तांब्या होता! तिघांत एक. उष्टं होऊ नये म्हणून आम्ही तो ओठाला न लावता वरून पाणी पीत होतो. जन्मापासून असंच पितो की आपण! मान मागं, तोंड आभाळाकडं, आणि गोळी घशाच्या दारात. तूप बदललं, केळं बदललं, पुण्याची बाटली आली, पण मान काही कुणी बदलली नाही. ज्या गोष्टीसाठी आबा मेंढरांमागं आम्हाला दहा वेळा टोकायचे, तीच मी रोज दुपारी तीनला करत होते.

धाकट्याला म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता बारामतीला."

"अगं जेवून तरी—"

"चल म्हणते ना!"

तात्यांना पडवीतच गाठलं. कोकराचं सांगितलं. मला वाटलं, एकोणीस नमुने फुकट गेले म्हणून माणूस खचेल. पण त्यांचा चेहरा असा उजळला, जसा काही कारखान्याचा साखर-उतारा वाढला!

"सगळे नमुने रद्द!" उभे राहूनच ओरडले. "मावशी! ओ मावशी! आपापला कप घेऊन या! तांब्याला कुणी हात लावायचा न्हाय!"

मावशी दारातून म्हणाल्या, "कप मिळाला तर चहाबी मिळंल का?"

पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा त्याचा कप, ओठाला लावून, मान सरळ, हनुवटी किंचित खाली. नुसत्या पाण्याबरोबर माझी गोळी 'थांबली'. पण ठसका नाही, हे विशेष. पुण्याचं जेल, 'गेली', मात्र त्या लाल गोडव्यानं मला मळमळलं. मग तात्यांनी शेवटचा नमुना काढला. जवस उकळून, फडक्यातून गाळून केलेला बुळबुळीत काढा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. चमचाभर काढ्यात गोळी ठेवली, ती मी तोंडात घेतली. मी कप ओठाला लावला, मान सरळ ठेवली, गिळलं.

वाट बघितली. काहीच नाही.

"बोला की वैनी."

"तात्या, ती कुठंय तेच कळंना."

मावशी म्हणाल्या, "गेली म्हंजी. असंच असतं आमचं रोज."

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, या गोळीबरोबर जवसाचा काढा चालेल का. म्हणाले, "चमचाभर चालेल, आणि घेतल्याचं मला कळवा." मग खरी गोळी. गुलाबी. तात्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"बघत का नाही?"

"बघितलं की घसा लाजतो. घ्या तुमी."

घेतली. कप खाली ठेवला.

"गेली," मी म्हटलं.

तात्या वळले नाहीत. पेन्सिलही काढली नाही. भिंतीकडं बघतच म्हणाले, "आमच्या मंडळीबी गिळायच्या न्हाईत. डाळीच्या डब्यात टाकायच्या. मी समोर उभा राहून सांगायचो वैनी, वर बघ, वर बघून गीळ. रोज सांगायचो."

मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. दूध घाई न करता घातलं. प्यायले, कप उजेडाला धरला आणि म्हणाले, "आज नमुना बरा हाय." तेव्हा कुठं टोपीतली पेन्सिल काढून लिहिलं, 'गेली'.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी भरतीचं नाव काढलं नाही. महिन्याभरात आकडा खाली आला. तुझ्या काकांना आणि धाकट्याला मी स्वतःच सगळं सांगितलं. धाकटा आधी चिडला, मग तुळशीपुढं हात जोडून म्हणाला, "आई, तुझं दुखणं हिनं दीड वर्ष अंगावर काढलं." तुळस मात्र त्या वर्षी फार माजली होती, हे कबूल केलं पाहिजे.

आता तात्या इंदापूरला मुलीकडं असतात. मागच्या महिन्यात जाऊन आले. ऐंशीच्या घरात आलेत, पण पडवीत नवीन कॅलेंडर उलटं टांगलेलं. मुलगी म्हणाली, "मावशी, या घरात मोड आलेली मटकीसुद्धा मार्क घेतल्याशिवाय शिजत नाही." तात्यांनी पेरूच्या गराची जेली केली होती, कणकेच्या गोळ्या तयारच. मी हौसेनं पुढं झाले. एक घेतली, दोन घेतल्या, तीन घेतल्या. सगळ्या गेल्या. तात्यांनी कागद खाली ठेवला.

"वैनी, तुमचा घसा आता सरकारी सायब झाला. काय बी पुढं ठेवलं तरी सही करतो. निकाल धरता येत न्हाय."

"मग कसं करायचं तात्या?"

"भित्रा घसा पायजे. खरा, अस्सल भित्रा. असला कुणी तर सांगा."

तेव्हा मी नाही म्हटलं. आणि परवा तुझ्या आईचा फोन आला.

आता ऐक. आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना खरं सांग, आजच. ओरडतील, ओरडू दे. त्या गोळीबरोबर काय चालतं, काय नाही, ते लिहून घे. आणि या रविवारी ये. पुण्याहून सकाळची एसटी धर, मी बारामतीच्या स्टँडवर उभी राहीन, तिथून दोघी इंदापूरला जाऊ. तात्यांना मी काल कळवलंय. त्यांनी विचारलं, "पोरगी खरंच भिती का?" मी म्हटलं, "माझीच भाची हाय." इतके खूश झाले की नवीन गोळ्या उन्हात घातल्यासुद्धा. त्या रविवारपर्यंत वाळतील.

उशीर करू नकोस पोरी. तुझं रक्त वाट बघणार नाही आणि ऐंशीचं माणूसही फार वाट बघत नसतं. ये. आणि येताना स्वतःचा कप घेऊन ये.